दाखला, पेन्शन आणि पगार: मानसिक आजारात कोणता कागद काय विचारतो

"सर्टिफिकेट काढलं तर पुढे त्याला नोकरी कोण देणार?" आणि "नोकरी लागली तर सर्टिफिकेट रद्द होईल का?" मानसिक आजार असलेल्या माणसाच्या घरचे हे दोन प्रश्न हमखास विचारतात, पुष्कळदा एका दमात. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच असते: दिव्यांगत्वाचा दाखला म्हणजे "हा माणूस कामाचा नाही" यावर सरकारचा शिक्का.

समजूत चुकीची आहे, पण उगाच पसरलेली नाही. काही सरकारी योजना खरोखरच तसं धरून चालतात. काही योजना नेमकं उलटं धरतात, म्हणजे दाखला असलेला माणूस कमावता आहे असं मानूनच सवलत देतात. एकाच माणसाकडे एक खिडकी "तू काम करू शकत नाहीस ना?" म्हणून बघते आणि शेजारची खिडकी "तू काम करतोस ना?" म्हणून. त्यात घरच्यांचा गोंधळ उडतो.

महाराष्ट्रातल्या स्वमदत गटांत आजारी व्यक्तीला शुभार्थी आणि तिची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. इथेही तेच शब्द वापरते.

आजार वेगळा, दिव्यांगत्व वेगळं

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. २०११ च्या जनगणनेत मात्र मानसिक आजारामुळे दिव्यांग म्हणून देशभरात नोंद झाली ती साधारण ७.२ लाख लोकांची. लपवाछपवी, अज्ञान, घरोघर फिरणाऱ्या प्रगणकाने प्रश्न कसा विचारला, हे सगळं या तफावतीत आहेच. पण मुळात या दोन गोष्टी मोजल्याच वेगळ्या आहेत. नैराश्याची गोळी घेत रोज लोकल पकडून कामावर जाणारी बाई आजारी आहे, पण कायद्याच्या अर्थाने दिव्यांग असेलच असं नाही.

हा कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. मानसिक आजार त्यातला एक. तो १९९५ च्या जुन्या कायद्यातही होता, पण तेव्हा नोकरीतलं ३ टक्के आरक्षण फक्त दृष्टी, श्रवण आणि हातापायांच्या दिव्यांगत्वाला वाटून दिलेलं होतं. मानसिक आजार यादीत असूनही त्याच्या वाट्याला काही नव्हतं.

नव्या कायद्यातली व्याख्या नीट वाचण्यासारखी आहे. विचार, भावना, आकलन, भान किंवा स्मरण यांत इतका मोठा बिघाड, की निर्णयशक्ती, वागणं, वास्तव ओळखण्याची क्षमता किंवा रोजच्या जगण्याच्या साध्या गरजा भागवण्याची ताकद फार खालावते, असा तिचा आशय. तिथे निदानाचं नाव नाही. स्किझोफ्रेनिया आहे म्हणून आपोआप दाखला मिळत नाही, आणि ओसीडी (मंत्रचळ) आहे म्हणून नाकारलाही जात नाही. आजाराने जगण्याचं काय केलं, एवढंच पाहायचं असतं.

कामावर नेमकं काय बिघडतं

बाहेरच्या माणसाला वाटतं, भास होतात, आवाज ऐकू येतात, म्हणून नोकरी जाते. तीव्र काळात तसं होतंच. पण औषधांनी आवाज बंद झाल्यावरही नोकरी का टिकत नाही, हा खरा प्रश्न आहे. स्किझोफ्रेनियावर गेल्या काही दशकांत झालेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं, की कामाच्या दृष्टीने भासांपेक्षा जास्त फरक पडतो तो लक्ष टिकवणं, ताजी सूचना डोक्यात धरून ठेवणं आणि विचारांचा वेग, या गोष्टींनी. साहेबांनी एका वाक्यात तीन कामं सांगितली. पहिलं झालं, दुसरं अर्धं राहिलं, तिसरं सांगितलं होतं हेच विसरलं. साहेबांच्या मते हा हलगर्जीपणा. शुभार्थी त्या दिवशी घरी येतो तो पार पिळून निघाल्यासारखा.

दुसरी अडचण उमेद आटण्याची. अंघोळ, दाढी, फोन उचलणं, चार माणसांत हसून बोलणं यांसाठी लागणारी आतली ढकल कमी होते. याला घरात आळस म्हणतात आणि ऑफिसात ॲटिट्यूड.

तिसरी अडचण औषधांची. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी नऊ-दहापर्यंत उतरत नाही, त्यामुळे सातची शिफ्ट जमत नाही आणि अकराची सहज जमते. लिथियमने हाताला कंप येऊ शकतो, त्यात बारीक जोडणीचं काम कसं करणार? क्लोझापिन सुरू झालं की पहिले काही महिने दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, म्हणजे आठवड्यातली एक सकाळ लॅबमध्ये. माणूस कामाला नालायक आहे असं यातल्या एकाही गोष्टीवरून ठरत नाही. वेळापत्रक जुळत नाही, एवढंच ठरतं.

बायपोलरची गोष्ट आणखी निराळी. दोन झटक्यांच्या मधल्या काळात माणूस पुष्कळदा पूर्ण कार्यक्षम असतो, कधी इतरांपेक्षा सरस. मग एक मोठा उन्मादाचा काळ येतो आणि तीन आठवड्यांत राजीनामा, भांडण, कर्ज सगळं उरकून जातो. अशा माणसाला "नोकरी करता येते का?" विचारलं तर मार्चचं उत्तर वेगळं आणि ऑगस्टचं वेगळं. सरकारी फॉर्ममध्ये मात्र चौकट एकच असते.

टक्के कसे मोजतात

पाय किती वाकतो हे कोनमापकाने मोजता येतं. मानसिक आजारासाठी इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीच्या समितीने एक मोजपट्टी तयार केली, तिचं नाव आयडियाज. केंद्र सरकारने २००२ मध्ये ती स्वीकारली आणि दाखल्यासाठी आजही तीच चालते. घरच्यांना ती बहुधा कुणी समजावून सांगत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

तीत चार गोष्टी पाहतात. एक, स्वतःची निगा: अंघोळ, कपडे, जेवण, तब्येत. दोन, माणसांशी संबंध. तीन, बोलणं आणि समजून घेणं. चार, काम. प्रत्येकाला ० ते ४ गुण. शून्य म्हणजे अडचण नाही, चार म्हणजे त्या बाबतीत जवळपास सगळं ठप्प. याची बेरीज जास्तीत जास्त १६. त्यात आजार किती जुना आहे त्याचे गुण मिळवतात: दोन वर्षांच्या आतला असेल तर १, दोन ते पाच वर्षांचा असेल तर २, सहा ते दहा वर्षांचा असेल तर ३ आणि त्याहून जुना असेल तर ४. एकूण २० पैकी किती, त्यावरून टक्के ठरतात. बहुतेक सवलतींचा उंबरठा ४० टक्क्यांचा आहे. कायद्याच्या भाषेत याला लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात.

आता दोन कल्पित माणसं घेऊ. पहिल्याचा आजार तीन वर्षांचा. नोकरी गेली आहे, दुसरी शोधायची ताकद नाही, म्हणून कामाचे गुण पूर्ण ४. पण स्वतःचं तो नीट करतो, बोलणं-चालणं व्यवस्थित, घरच्यांशी संबंध चांगले. बाकी तिन्ही रकाने शून्य. बेरीज ४ आणि २, म्हणजे ६. तो ४० टक्क्यांच्या खाली राहतो. दुसऱ्याचा आजार आठ वर्षांचा. मामाच्या दुकानात दिवसाला तीन-चार तास बसतो, कधी दांडी मारतो, म्हणून कामाचे २. अंघोळीला दोनदा सांगावं लागतं, २. भावाशी वर्षभर बोललेला नाही, लग्नकार्यात जात नाही, ३. बोलताना धागा सुटतो, २. बेरीज ९, आजाराच्या वर्षांचे ३, एकूण १२. हा ४० ते ७० टक्क्यांच्या गटात.

म्हणजे बेकार माणूस बाहेर आणि थोडंफार काम करणारा आत. दाखला काम करण्याची क्षमता मोजत नाही, याचा यापेक्षा सोपा पुरावा मला देता येणार नाही. काम हा चारातला एक रकाना आहे. "कामाला जातो असं सांगू नका, टक्के कमी होतील" हा दवाखान्याच्या बाकावर मिळणारा सल्ला म्हणूनच निम्मा भीतीपोटी दिलेला असतो. खोटं सांगायची गरज नसते. अपुरं मात्र सांगू नये.

अपुरं सांगणं मात्र सर्रास चालतं, आणि तेही उलट दिशेने. सिव्हिलला जायचं म्हणून आई मुलाला सकाळी अंघोळ घालते, इस्त्रीचा शर्ट चढवते, "साहेबांसमोर नीट बोल" म्हणून बजावते. मुलगाही पंधरा मिनिटं जीव एकवटून नीट बोलतो. डॉक्टरांपुढे येतो तो वर्षातला त्याचा सर्वांत चांगला पाव तास. या मोजणीत शुभंकराचं म्हणणंही ऐकायचं असतं, त्यामुळे आईने तिथे लाज बाजूला ठेवून बाकीच्या दिवसांचं सांगायला हवं: अंघोळ किती दिवसांनी, किती वेळा सांगितल्यावर, कुणाच्या मदतीने. तारखा लिहिलेली साधी वही असली तरी खूप फरक पडतो. जुनी केसपेपर, दाखल केल्याचे डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या आजार किती जुना ते सिद्ध करतात, आणि वरती पाहिलं तसं त्यावर गुण अवलंबून आहेत.

कामाच्या रकान्यात नोकरी, घरकाम किंवा शिक्षण यांपैकी त्या व्यक्तीला लागू असेल ते एक पाहायचं असतं. गृहिणीच्या बाबतीत हे हमखास निसटतं. "त्या काही करत नाहीत, घरीच असतात" असं नवरा सांगून टाकतो आणि सगळे पुढे सरकतात. वास्तविक विचारायचं असतं ते हे, की पूर्वी ही बाई पाच माणसांचा स्वयंपाक एकटीने करायची, आता कुकर लावून गॅससमोर उभी राहते आणि शिट्ट्या मोजायचं विसरते का? मुलांचे डबे कोण भरतं? भाजी आणायला ती शेवटची कधी गेली? शेतकरी घरातही तोच प्रकार. "रानात जातो की रोज" असं बाप अभिमानाने सांगतो. रानात जातो म्हणजे बांधावर बसतो, की पाणी द्यायचं, मोटर बंद करायची हे त्याच्यावर सोपवता येतं, हे कुणी विचारत नाही.

दाखल्याचा अर्ज आता केंद्र सरकारच्या यूडीआयडी पोर्टलवरच (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या संकेतस्थळावर) करावा लागतो. १ जून २०२१ पासून सगळ्या राज्यांना तसं बंधन आहे. तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते. मानसिक आजारात सुधारणा होऊ शकते, म्हणून दाखला पुष्कळदा ठराविक मुदतीचा मिळतो. अर्ज भरताना 'मानसिक आजार' आणि 'बौद्धिक दिव्यांगत्व' यांत गल्लत होऊ देऊ नका. कॅफेवाला घाईत चुकीच्या रकान्यात टिचकी मारतो आणि मग दुरुस्तीला महिने जातात. योजनाही वेगळ्या आहेत: निरामय आरोग्य विमा राष्ट्रीय न्यास कायद्याखाली येतो आणि तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठीच आहे. मानसिक आजार त्यात नाही. दर वर्षी अनेक घरं त्यासाठी हेलपाटे घालतात.

"काम करत नाही ना?" विचारणाऱ्या खिडक्या

पहिली खिडकी तहसील कार्यालयातली. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना दरमहा पैसे मिळतात. ही रक्कम १,५०० रुपये होती, ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी ती २,५०० झाली. अट उत्पन्नाची: दिव्यांग अर्जदाराच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत हवं.

हा आकडा बाराने भागून पाहा. महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट रुपये, तेही अख्ख्या कुटुंबाचे. शुभार्थीने किराणा दुकानात आठ हजारांची नोकरी धरली तर वर्षाचे ९६,००० होतात आणि तो अटीबाहेर जातो. या नोकरीची खात्री काय? सहा महिन्यांनी आजार उलटला, नोकरी गेली, तर पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा सेतू केंद्र, पुन्हा समितीची बैठक. घरातला शहाणा माणूस हिशेब मांडतो: लहानसे पण नक्की येणारे पैसे सोडून, मोठे पण बेभरवशाचे धरायचे का? त्याने "राहू दे नोकरी" म्हटलं तर त्याला आळशी म्हणता येणार नाही. अनेक घरी मग तिसरीच वाट निघते. काम करायचं, पगार रोखीने घ्यायचा आणि कागदावर काहीच दाखवायचं नाही. त्यात पीएफ नाही, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नाही, हाताला काही लागलं तर भरपाई नाही.

अमेरिकेतल्या सोशल सिक्युरिटीच्या दिव्यांग भत्त्यालाही हीच अडचण आहे. तिथे २०२५ मध्ये महिन्याला १,६२० डॉलरपेक्षा जास्त कमाई असेल तर माणूस काम करू शकतो असं मानलं जात होतं. पण त्यांनी एक पळवाट मुद्दाम ठेवली आहे: पाच वर्षांच्या खिडकीत नऊ महिने कितीही कमाई करून पाहा, भत्ता चालू राहील. नोकरी झेपते का हे तपासायला उसंत मिळते. आपल्या योजनेत अशी चाचणीची सोय नाही. माझ्या मते रक्कम वाढवण्याइतकीच ही सोय गरजेची आहे, आणि तिला सरकारी तिजोरीतून फारसं काही जाणारही नाही.

केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजना आणखी अरुंद आहे: दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब, ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व आणि १८ ते ७९ वयाला केंद्राकडून दरमहा ३०० रुपये.

दुसरी मोठी खिडकी कुटुंब निवृत्तिवेतनाची, आणि मध्यमवर्गीय घरांसाठी खरी महत्त्वाची हीच. "आमच्यामागे याचं काय?" या प्रश्नाचं बऱ्याच घरांत एवढंच एक ठोस उत्तर असतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या मुलाला किंवा मुलीला मानसिक विकारामुळे उपजीविका कमावता येत नसेल, तर पंचवीस वर्षांची वयोमर्यादा लागू होत नाही आणि पेन्शन आयुष्यभर मिळते. २०१२ पासून लग्न झालं तरी ती थांबत नाही.

इथे दाखल्याच्या टक्क्यांशिवाय आणखी एक प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे कमावता येतं का. पूर्वी दरमहा ९,००० रुपये आणि महागाई भत्ता एवढी कमाई झाली की हक्क जात असे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने ती मर्यादा बदलली. आता शुभार्थीचं इतर उत्पन्न त्याला मिळू शकणाऱ्या साधारण दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे आई किंवा वडिलांच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के आणि त्यावरचा महागाई दिलासा यापेक्षा, कमी असेल तर तो पात्र राहतो. वडिलांचा शेवटचा मूळ पगार ६०,००० असेल तर १८,००० आणि महागाई दिलासा, इतक्याच्या आत. म्हणजे अर्धवेळ नोकरी करायला या नियमाने जागा ठेवली आहे. "पेन्शन जाईल" म्हणून तिशीतल्या मुलाला घरात बसवून ठेवणाऱ्या आई-वडिलांना हा बदल अजूनही ठाऊक नसतो. राज्य कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ आहेत. त्यांतली अट आपल्या कोषागारातून लेखी विचारून घ्यावी, केंद्राचा आकडा तिथे चिकटवू नये.

आजार आई-वडील हयात असताना होता हे कागदावर दिसलं पाहिजे. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या हातांनी मुलाचं नाव पेन्शनच्या आदेशात घालून घ्यावं. नंतर भाऊ-वहिनीने धावपळ करून ते काम होतं, पण फार छळ होतो.

"काम करतोस ना?" विचारणाऱ्या खिडक्या

आयकराच्या ८०यू कलमाखाली दिव्यांग करदात्याला ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा अधिक असेल तर १,२५,०००. मानसिक आजार त्यात येतो. कर भरणारा म्हणजे कमावणारा, तेव्हा ४० टक्क्यांचा दाखला आणि पगाराची स्लिप एका माणसाकडे असू शकतात हे आयकर खात्याने केव्हाच मान्य केलेलं आहे. अवलंबून असलेल्या शुभार्थीसाठी घरच्यांना ८०डीडी खाली तेवढीच वजावट आहे. दोन्ही फक्त जुन्या करप्रणालीत.

ईएसआयची एक तरतूद कारखान्यातल्या लोकांनाही क्वचित माहीत असते. दरमहा २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना (दिव्यांगांना २५,००० पर्यंत) हे कवच आहे. आजारपणात एरवी ९१ दिवस ७० टक्के वेतन मिळतं. पण दीर्घ आजारांची जी ३४ आजारांची यादी आहे तीत सायकोसिसचे आजार आहेत, आणि त्यांना ८० टक्के दराने कमाल दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. आधी दोन वर्षं नोकरी झालेली असावी आणि वर्गणी नियमित गेलेली असावी, ही अट. स्किझोफ्रेनियाच्या पहिल्या झटक्यात घाईने राजीनामा लिहून देणाऱ्या तरुणाच्या हातून हे सगळं निसटतं. तीव्र आजारात राजीनामा देऊ नये, वैद्यकीय रजा टाकावी.

सरकारी नोकरीत २०१६ च्या कायद्याने ४ टक्के आरक्षण आलं. त्यातला शेवटचा १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. एका पाटावर पाच जण. त्यातही ते पद मानसिक आजारासाठी योग्य म्हणून निश्चित केलेलं असावं लागतं. तरी दार उघडं आहे, आणि आत जाण्याचा पास आहे तोच ४० टक्क्यांचा दाखला.

नोकरीत असताना आजार झाला तर कलम २० कामाला येतं. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढू शकत नाही, त्याचा दर्जा कमी करू शकत नाही. आहे ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, तेही नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात याहून पुढचं पाऊल टाकलं. त्याला ओसीडी आणि नैराश्य होतं आणि त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू होती. न्यायालयाने म्हटलं, की कारवाईमागे दिव्यांगत्व हे एकमेव कारण होतं असं सिद्ध करायची गरज नाही, अनेक कारणांतलं एक असलं तरी पुरे. मानसिक दिव्यांगत्व असलेल्या माणसाला कामाच्या ठिकाणचे नियम इतरांसारखे पाळणं अवघड जातं, म्हणून शिस्तभंगाची कुऱ्हाड त्याच्यावर पडण्याचा धोका मुळातच जास्त असतो, हेही न्यायालयाने मान्य केलं. उशिरा येणं, उलट बोलणं, न सांगता दांडी: मेमोमध्ये जे लिहिलेलं असतं ते पुष्कळदा आजाराचंच लक्षण असतं.

कलम २० चं हे संरक्षण सरकारी आस्थापनांपुरतं आहे. खासगी कंपनीला समान संधी धोरण जाहीर करणं बंधनकारक आहे, पण नोकरी टिकण्याची तेवढी हमी नाही. मग कंपनीत आजार सांगावा का? मुलाखतीत निदानाचं नाव सांगायची गरज मला दिसत नाही. पण काम सुरू झाल्यावर अडचण आली तर गप्प राहून मेमो गोळा करण्यापेक्षा लेखी मागणी केलेली बरी, आणि ती कामाच्या भाषेत असावी. "मला स्किझोफ्रेनिया आहे" असं लिहून एचआरच्या बाईंना काहीच करता येत नाही. "औषधोपचारामुळे सकाळची वेळ अकराची हवी, रात्रपाळी नको, सूचना लेखी मिळाव्यात, महिन्यातून एक सकाळ ओपीडीसाठी हवी" यावर निर्णय घेता येतो. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. मागणी फेटाळली गेली तरी तो कागद पुढे उपयोगी पडतो.

आधी तयारी की आधी नोकरी?

आपल्याकडे पुनर्वसन म्हटलं की मेणबत्त्या, कागदी पिशव्या आणि दिवाळीच्या पणत्या. कार्यशाळेत आधी तयार करायचं, मग जमलं तर बाहेर पाठवायचं. अनेक जण दहा-दहा वर्षं तयारच होत राहतात. दिवसाला आकार आणि चार माणसांची सोबत म्हणून या जागा मोलाच्या आहेत, यात शंका नाही. पण त्या नोकरीपर्यंत नेतात का, हा प्रश्न वेगळा.

अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी क्रम उलटा केला. ज्याला काम करायचं आहे त्याला त्याच्या आवडीची खरी, पगाराची नोकरी लवकर शोधून द्यायची आणि नोकरी लागल्यावर आधार काढून न घेता चालू ठेवायचा. रोजगार सल्लागार उपचार करणाऱ्या चमूतच बसतो. लंडन, उल्म, रिमिनी, झुरिच, ग्रोनिंगेन आणि सोफिया या सहा शहरांत या पद्धतीची तुलना नेहमीच्या पुनर्वसनाशी केली गेली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नव्या पद्धतीतल्या ५५ टक्के लोकांनी अभ्यासाच्या काळात किमान एक दिवस खरी नोकरी केली, जुन्या पद्धतीतल्या २८ टक्क्यांनी. नोकरीच्या ताणाने आजार उलटेल ही भीतीही तिथे खरी ठरली नाही.

युरोपातली शहरं वेगळी आणि लातूर, चिपळूण वेगळं, हे खरंच. पण त्यातली एक गोष्ट इथे कुणालाही करता येते. नोकरी लागली की घरचे सुटकेचा श्वास सोडतात, डॉक्टरांची तारीख पुढे ढकलतात, शुभार्थीही "आता मी बरा आहे" म्हणून गोळी सोडतो. आधाराची सर्वांत जास्त गरज नेमकी त्या पहिल्या तीन-चार महिन्यांत असते. रोज संध्याकाळी दहा मिनिटं, आज काय झालं, कुठली सूचना कळली नाही, कोण काय बोललं, एवढं विचारणारं एक माणूस हवं.

कागदांचा क्रम विचाराल तर माझं उत्तर असं. दाखला आधी काढा, कारण दोन्ही प्रकारच्या खिडक्यांना तो लागतो. आई-वडील निवृत्तिवेतनधारक असतील तर त्याच वर्षी नाव घालण्याचा अर्ज द्या. संजय गांधीचे पैसे सुरू असतील आणि नोकरी चालून आली, तर ती नोकरी नाकारायच्या आधी पगार रोखीत आहे की ईएसआय-पीएफसह, हे पाहा. ईएसआय असलेली नऊ-दहा हजारांची नोकरी आजारपणातही हाताशी राहते, हे घरात बसून हिशेब मांडताना धरलं जात नाही. आणि दाखला मुदतीचा असेल तर संपायच्या तीन महिने आधीच सिव्हिलची तारीख घ्या. मानसोपचारतज्ज्ञ कुठल्या वारी बसतात ते फोन करून विचारून मगच निघा.